छताला मारलेला चेंडू

क्लबच्या वहीत कोर्टाच्या एकाच तासासाठी दोन नावं लिहिली गेली होती. वर माझं, दानित्सा. खाली तिरक्या अक्षरात, रेनान.

"मग असं करू," तो म्हणाला, "एक डाव खेळू. हरेल त्यानं बाहेर जायचं. चालेल तुम्हाला?"

बंद कोर्टात भिंतींवर चेंडू मारायच्या या रॅकेटबॉलमध्ये मला हरवणारे बोलिव्हियातल्या आमच्या कोचाबाम्बा शहरात मोजकेच होते, आणि हा त्यातला वाटत नव्हता. मी हसून हो म्हटलं. क्लबच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता; आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे भर पावसाळा.

वीस मिनिटांत मी घामाघूम. मी प्रत्येक चेंडू समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी मारायचे. साधला तर तो कुणालाच उचलता येत नाही. दोन बोटं चुकला तर आधी जमिनीला टेकतो आणि सगळं फुकट. हा पठ्ठ्या मात्र अडचणीत आला की सरळ छताला मारायचा. तिथून चेंडू उंच उसळून मला मागच्या भिंतीपर्यंत पळवायचा, तोवर हा कोर्टाच्या मधोमध निवांत उभा.

"जोरात मारता येत नाही का तुम्हाला?" मी धापा टाकत विचारलं.

"येतं की. पण तुम्ही पळताना... बघत राहावंसं वाटतं."

मी हरले. रॅकेट उचलून निघाले, तर मागून आवाज आला, "अहो, आता मी एकटा भिंतीशी काय खेळू? थांबा ना."

थांबले.

रेनान शेजारच्या क्विल्याकोयो गावात शाळेत गणित शिकवायचा. आठवड्यातून तीनदा मिनीबसने यायचा. महिन्याभरात 'अहो'चं 'अगं' झालं आणि आम्ही राष्ट्रीय स्पर्धेत मिश्र दुहेरीसाठी नाव दिलं. जिंकलो असतो तर देशाच्या संघात जागा होती.

मला भीती होती ती वेगळीच. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटचा फटका मी जमिनीत घातला होता. माझा तेव्हाचा जोडीदार हेर्सन त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून निर्णायक गुण आला की हात गार पडायचे. आणि आता तर... रेनान बोलायचा थांबला तर? म्हणून मनातलं त्याला काहीच सांगत नव्हते.

सरावानंतर आम्ही कोपऱ्यावर साल्तेन्या खायचो. गरम करंजीच जणू, आत रस्सा. जरा घाई केली की अंगावर.

"खांद्याएवढ्या उंचीवरचा चेंडूही तू खालीच मारायला बघतेस," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत उतरू दे. प्रतिस्पर्धी कोर्टात मागे अडकलेत का बघ. मग मार."

"आणि तोवर?"

"तोवर छत. वाट बघायची."

"वाट बघणं मला जमत नाही."

"दिसतंय," तो म्हणाला. माझ्या शर्टावर रस्सा ओघळला होता. त्यानं कागदी रुमाल पुढे केला... आणि तो देताना बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली. कुणाची, कोण जाणे.

जूनमध्ये अंतिम सामना. समोर सांताक्रूझची जोडी. तिसरा डाव, त्यांचे दहा, आमचे नऊ. अकराला खेळ संपणार, सर्व्हिस त्यांची. माझे हात बर्फासारखे.

चेंडू चार वेळा इकडून तिकडे गेला. मग तो माझ्याकडे आला, संथ, अगदी गुडघ्याशी. ते दोघं मागे अडकलेले. याच चेंडूसाठी चार महिने घाम गाळला होता. मी रॅकेट मागे नेली – आणि रेनान घामावर घसरून माझ्यासमोरच आडवा झाला. पाय मुरगळला होता. तो उठायला बघत होता.

त्याच्या डोक्यावरून वीतभर वाट मोकळी होती.

मी छताला मारलं. घाईत जोर कमी पडला, चेंडू अर्ध्यातच उतरला आणि सांताक्रूझच्या मुलीनं तो कोपऱ्यात संपवला.

टाळ्या त्यांच्यासाठी. रेनानला दोघांनी धरून नेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी कोर्टात किती वेळ उभी होते, आठवत नाही. मग धीर करून पट्ट्या बांधतात त्या खोलीत गेले. तो घोट्यावर बर्फ धरून एकटाच बसला होता.

"वर का मारलास?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"समोर तू होतास."

"मी खाली होतो. वीतभर जागा होती. पुरेशी होती ती."

"मला नव्हती."

 बर्फ विरघळून फरशीवर थेंब पडत होते. आता हाही हेर्सनसारखा बोलणं टाकणार.

"दानित्सा," तो हळूच म्हणाला, "मी जमिनीवरून ओरडणार होतो, मार म्हणून. तुझा चेहरा दिसला आणि... तोंडातून शब्दच फुटेना. मघाशी तुझ्याकडे बघितलं असतं तर सगळ्यांसमोर रडलो असतो." त्यानं माझा गार हात आपल्या ओल्या हातात घेतला. "संघ गेला. तू जाऊ नकोस."

"नाही जात."

दारावर टकटक झाली. "आई असेल," तो पुटपुटला. "सामना बघायला मुद्दाम आलीय. ती विचारेल, ही कोण. काय सांगू? जोडीदार?"

हाही निर्णायक गुणच होता.

"तू बस," मी म्हणाले. "मी सांगते."

आणि त्याचा हात न सोडता, दुसरा हात लांबवून, मी दार उघडलं.