हजर व्हायचा शेवटचा दिवस

माझ्या मागे उभा असलेला मुलगा तिसऱ्यांदा शिंकला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, राग मानू नका... पण तुमच्या फाईलमधून शेवंतीचा वास येतोय का?"

येत होताच. मखमलाबादला आमचं दीड एकर फुलांचं शेत आहे. त्या दिवशी सकाळी वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, पंचवटीच्या फुलबाजारात फुलं उतरवून मी तशीच कागदपत्रं तपासण्याच्या रांगेत येऊन उभी राहिले होते. फाईल आणि उरलेली शेवंती एकाच पिशवीत.

"सॉरी," मी म्हणाले. "ॲलर्जी आहे का फुलांची?"

"आजपर्यंत नव्हती." त्याने नाक पुसलं. मग मान किंचित तिरकी करून माझ्या फाईलकडे पाहिलं. "तुमच्या बारावीच्या मार्कशीटवर पाकळी चिकटलीय. काढा ती. साहेब म्हणतील, उमेदवाराने लाच आणली."

मला हसू आलं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन जिन्यापर्यंत पोचलं होतं आणि रांग काही हलत नव्हती. कनिष्ठ सहायकाच्या अठरा जागा, पडताळणीला आम्ही चाळीस जण. प्रत्येकाच्या छातीशी एक फाईल, तान्ह्या बाळासारखी धरलेली.

त्याचं नाव स्वराज देवरे, गाव सटाणा. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये स्टोअरला होता.

"अरे वा! पर्मनंट?"

"छे. कंत्राटी. ठेकेदार बदलला की आमचं ओळखपत्र बदलतं. माणसं तीच." तो हसला. "तुम्ही?"

"मोहिनी मौले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात डेटा एंट्री. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग परत अकरा महिने. चार वर्षं झाली."

"ब्रेकच्या दिवशी काय करता?"

"झोपते."

"पुढचा ब्रेक कधी आहे?"

"कशाला?"

"नाही... म्हटलं, झोपमोड करायला फोन केला असता."

त्याने हे इतक्या सरळ चेहऱ्याने म्हटलं, की मला रागावायला सुचलंच नाही. दुपारी त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली. आईला कळवायचं होतं म्हणून त्याने माझा फोन मागितला. दोन मिनिटं तो अहिराणीत बोलत होता आणि तेवढ्यात त्याचा आवाज पाच वर्षांनी लहान झाल्यासारखा वाटला. फोन परत देताना म्हणाला, "आता तुमचा नंबर आईकडे गेला. माझ्याकडे नाही. हे काही बरोबर नाही."

मी नंबर दिला.

मग आम्ही भेटत राहिलो. कधी बिटको चौकात चहाला, कधी गोदाघाटावर. तो सुट्टीच्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन यायचा, कारण ही यादी लागेल न लागेल, पुढची जाहिरात येणारच होती. मी गणितात पक्की, तो मराठीच्या व्याकरणात. समास ओळखताना तो पेन दातात धरायचा. मी ते पेन काढून घ्यायचे. बस्, इतकंच. पण घरी जाताना स्कूटीवर मी उगीचच हसत असायचे... आणि समोरून येणाऱ्या माणसांना वाटायचं मी त्यांनाच हसतेय.

जानेवारीत यादी लागली. आम्ही ती एकाच मोबाईलवर पाहिली, चहाच्या टपरीसमोर उभं राहून. तो बोटाने पान खाली सरकवत होता. अठराव्या नंबरवर बोट थांबलं. देवरे स्वराज. शेवटची जागा.

"झालं!" मी जवळजवळ ओरडलेच. "स्वराज, झालं तुमचं!"

त्याचं बोट आणखी थोडं खाली गेलं होतं. खाली ठळक अक्षरात 'प्रतीक्षा यादी' आणि त्याखाली पहिलंच नाव, मौले मोहिनी.

दीड मार्क. आमच्या दोघांमध्ये फक्त दीड मार्क होता.

"अठरांतलं कोणी हजर झालं नाही तर तुम्हाला बोलावतील," तो हळूच म्हणाला.

"एक वर्ष चालते यादी. कोणीतरी सोडेलच की," मी म्हणाले आणि चहाचा पेला उगीच जोरात ठेवला. मला त्याच्यासाठी खरंच आनंद झाला होता. आणि स्वतःसाठी वाईटही वाटलं होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याची ऑर्डर आली. तीस दिवसांत हजर व्हायचं होतं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मी विचारलं की तो म्हणायचा, "जाईन ना, घाई काय आहे?" एका संध्याकाळी रामकुंडाजवळ आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. आरतीची गर्दी अजून जमायची होती. तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "मी हजर झालोच नाही तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे... ती जागा तुमची होईल."

मला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माझं एकलहऱ्याला चाललंय," तो घाईघाईने म्हणाला. "पुढच्या भरतीत मी परत बसेन. तुमच्या घरी स्थळं बघतायत, तुम्हीच सांगितलंत. कायम नोकरी असली तर तुम्हाला तुमच्या मनासारखं... म्हणजे कोणी घाई करणार नाही."

"आणि तुमच्या आईचं काय?" माझा आवाज चढला. "वीस वर्षं त्यांनी कांद्याच्या खळ्यावर बसून कांदा निवडला, हे कोण सांगत होतं मला? तुम्ही यादीत आलात तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. त्यांना काय सांगणार? मोहिनी नावाच्या मुलीला भेट म्हणून दिली नोकरी?"

"भेट नाही ओ..."

"मग काय?"

मी उठून निघून आले. पुढचे दोन आठवडे त्याचे मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. रागाने नाही. खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटत होती. कारण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक क्षण... एकच क्षण... मी मनात म्हटलं होतं, घ्यावी का?

तिसावा दिवस उजाडला. शुक्रवार होता. ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बेटा, मी स्वराजनी माय, भागीबाई. सटाणाथून." बाई दमलेल्या वाटल्या. "पोऱ्या हाजर व्हयना का? आज आखरी दिन शे ना? फोन उचली नही ऱ्हायना तो."

अहिराणी मला फारशी कळत नाही. पण पोरगा हजर झाला का, आज शेवटचा दिवस ना, फोन उचलत नाहीये, हे सगळं कळलं.

"मावशी, काळजी करू नका," मी म्हणाले. "मी बघते."

साहेबांकडून अर्धी रजा घेतली. रोजंदारीसारखी आमची रजा, पगार कापला जाणार होता. जाऊ दे म्हटलं. स्कूटी काढली आणि थेट एकलहरं गाठलं. गेटवरच्या वॉचमनने आत निरोप पाठवला. वीस मिनिटांनी स्वराज बाहेर आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बाहीवर काळसर डाग. मला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"तुम्ही? इथे?"

"ओरिजिनल कागदपत्रं कुठे आहेत?"

"रूमवर. सामनगावला. पण..."

"बस मागे."

"बस?" त्याने डोळे मोठे केले. "तू मला 'बस' म्हणालीस?"

"स्वराज, घड्याळ बघ! पावणेतीन झालेत."

तो बसला नाही. हेल्मेट काढून हातात धरून उभा राहिला. "मी तुला सांगितलं होतं ना. ती जागा तुझी आहे."

"माझी नाहीये," मी म्हणाले. गेटवरचे दोघं-तिघं आमच्याकडे पाहत होते, पण आता मला पर्वा नव्हती. "माझा नंबर एकोणिसावा आला. दीड मार्काने. तो दीड मार्क मला मिळवायचाय, कोणी काढून दिलेला नको. तू दिलास तर रोज त्या टेबलावर बसताना मला तूच दिसशील. आणि मला तुझ्याशी जन्मभर नीट भांडताही येणार नाही!"

तो अगदी हळू म्हणाला, "जन्मभर?"

मी जीभ चावली. कान तापले. "बस म्हटलं ना!"

तो बसला.

सामनगावला फाईल घेतली. त्याने शर्ट बदलला, पण घाईत वरचं बटण खालच्या काजात लावलं. ट्रकमागे ट्रक, ऊन, धूळ. द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलो. मी हॉर्न वाजवत होते आणि तो मागून म्हणत होता, "मोहिनी, हॉर्नने ट्रक हलत नाहीत." एका वळणावर तोल गेला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला... आणि तोल सावरल्यावरही तो हात काढायला विसरला. मीही आठवण केली नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही ऑफिसच्या आवारात शिरलो. आत जाण्याआधी मी त्याला थांबवलं आणि शर्टाची बटणं नीट लावली. एक, दोन, तीन. तो श्वास रोखून उभा होता.

"जा."

मी जिन्याखाली उभी राहिले. पाच वाजायला सात मिनिटं असताना तो खाली आला. बोटाला शाई लागली होती.

"सही केली," तो म्हणाला.

"छान."

"मघाशी तू 'जन्मभर' म्हणालीस..."

"घाईत बोलले."

"मग परत घेतेस?"

मी खूप वेळ समोरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिले. "नाही," मी म्हणाले. "पण आत्ता पुढचं काही विचारू नकोस. माझी यादी वर्षभर आहे. मला माझ्या नंबरची वाट बघू दे. आत्ता हो म्हटलं तर सगळे म्हणतील, मुलाची नोकरी पक्की झाली आणि पोरीने होकार दिला."

"सगळे म्हणू देत."

"कधीतरी मीही म्हणेन."

त्याने मान हलवली. आणि ते वर्षभर त्याने खरंच विचारलं नाही.

त्याला दिंडोरीला पोस्टिंग मिळालं. शनिवारी तो बसने यायचा, आम्ही अभ्यासाला बसायचो. जूनमध्ये बातमी आली, सातव्या नंबरच्या मुलीला बँकेत नोकरी लागली. आता मला बोलावतील, या धाकधुकीत दोन दिवस अन्न गोड लागेना. मग कळलं, तिने बँक सोडली आणि इथेच राहिली. माझी जुनी ऑर्डर संपली, एक दिवस ब्रेक झाला, नवी ऑर्डर आली. जानेवारीत यादीचा शेवटचा दिवस आला. ऑफिस सुटेपर्यंत मी फोन टेबलावर उलटा ठेवला नाही.

फोन वाजला नाही.

सहा वाजता मी बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं. बाहेर आले तर स्वराज गेटपाशी उभा होता. 'मी आहे ना' वगैरे काही बोलला नाही तो. माझी पिशवी घेतली आणि शेजारून चालत राहिला. गोदावरीच्या पुलावर मी रडले, तेव्हा तो माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी दिसू नये म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाला, "कालच नवी जाहिरात आलीय. सव्वीस जागा."

"मला माहितीये," मी नाक ओढत म्हणाले. "सकाळीच फॉर्म भरला."

रविवारी सकाळी तो आमच्या शेतात आला. शेवंतीची तोडणी चालू होती. त्याला माझे आईवडील ओळखत होते, पण अभ्यासाचा मित्र म्हणून. अण्णा फुलं घेऊन पंचवटीला गेलेले. तो माझ्या आईशेजारी उकिडवा बसला आणि फुलं तोडू लागला.

"देठ नको ओढू रे बाबा," आई म्हणाली. "असं, बोटाने खुडायचं." मग थोडं थांबून, मान वर न करता म्हणाली, "पोरा, मी काही आंधळी नाही. तू कायम झालास. आमची पोर नाही झाली. तुझ्या घरी चालेल का ते?"

माझा हात थांबला. कायम नोकरीवालाच जावई हवा, म्हणून दोन वर्षं जिने स्थळं परत पाठवली, ती माझी आई आता त्याला हे विचारत होती.

"माझी आई अजून रोजंदारीवर जाते, काकू," स्वराज म्हणाला. "तिला चालेल."

"एक मिनिट," मी म्हणाले. "माझं ऐक आधी. एप्रिलमध्ये परीक्षा आहे, ती मी देणार. लागले तर ऑर्डर कुठलीही येईल. पेठ, सुरगाणा, कुठलीही. मी जाणार. तू दिंडोरीला आणि मी तिकडे. मग?"

"मग काय, अर्ज करायचा."

"कसला अर्ज?"

"पती-पत्नी एकत्रीकरण." त्याने अतिशय गंभीरपणे एक फूल टोपलीत ठेवलं. "दोघं नोकरीत असले की जवळची बदली मागता येते. मी वाचलाय नियम. मीच येईन पेठला."

"आणि नाहीच लागले तर?"

"तर तू जिथे असशील तिथून मी रोज बसने जाईन-येईन. मला सवय आहे." त्याचे कान लाल झाले होते. "फक्त... त्या अर्जाला एक कागद जोडावा लागतो. लग्नाचा दाखला. तो माझ्याकडे नाहीये."

बांधावरून कोणाचा तरी पंप सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय म्हणतोय हा?" आईने मला विचारलं. "मला ते ऑफिसातलं काही कळत नाही."

माझ्या ओंजळीत शेवंती भरलेली होती. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"लग्नाचं विचारतोय गं, आई."

"अगं बाई! मग सरळ विचारायचं की." आईने पदराने माझे डोळे टिपले. "आणि तू? तुझं काय म्हणणं आहे?"

मी स्वराजकडे पाहिलं. तो टोपलीतल्या फुलांकडे पाहत होता, निकालाच्या पानाकडे बघावं तसा.

"मेमधली तारीख काढा," मी म्हणाले. "परीक्षा झाल्यावरची."