रेडिएटरातली हळद

ज्यांना हसायचंय, त्यांनी आत्ताच हसून घ्या. मधेमधे "आजी, खरंच का हो?" असं विचारलेलं मला खपत नाही.

हे माझ्याच बाबतीत घडलंय. शपथबिपथ मी घेणार नाही. मी तिथं होते, एवढं पुरे.

साल १९७३. मे महिना. बहात्तरचा दुष्काळ अजून उठला नव्हता. आणि भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, ही भर दुपारची गोष्ट आहे.

माझं सासर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या पलीकडं. मालक फौजेत, तिकडं काश्मीरला. मला नववा महिना. पहाटेपासून कळा येत होत्या, पण बाळ काही खाली सरकेना. शेवटी सुईणीनं हात टेकले.

"पोर आडवं हाय. मिरजेला न्या. दिवस मावळायच्या आत न्हाई पोचला तर दोघंबी हाताला लागायची न्हाईत."

घरात पुरुष माणूस एकच. माझे थोरले दीर, लालासाहेब. फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर लिलावातली जुनी जीप घेतली होती. माणूस लय हट्टी. देवाला हात जोडायचे ते आईनं डोळे वटारले तरच. त्यांची बायको, माझी जाऊ बनाबाई, जनावरं घेऊन चारा-छावणीवर गेली होती. मग मागं गोधडी अंथरली, मला निजवलं, सासूबाई उशाशी बसल्या आणि आम्ही निघालो.

आटपाडी मागं पडली. भिवघाट अजून यायचा होता.

आणि जीप शिट्टी मारायला लागली...

भावजींनी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तशी भस्सकन वाफ वर आली.

"काय झालं रं लाला?" सासूबाईंनी विचारलं.

"गळतंय कुठंतरी. बघू द्या जरा."

मला वरून कळा, खालून तापलेला पत्रा. तोंडाला कोरड पडली होती. गाडीत प्यायच्या पाण्याची एक कळशी होती, तेवढंच काय ते पाणी.

भावजींनी रबरी पाइप चाचपले. घट्ट होते. पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. मग फडक्यानं सगळा रेडिएटर पुसून काढला आणि गाडीखाली उताणे पडून नुसते बघत राहिले. त्या धगीत! थोड्या वेळानं खालूनच आवाज आला.

"घावलं. खालच्या सांध्याचा डाख सुटलाय, झाळकाम उकललंय."

"मग आता?"

"हळद पायजे, आये. मूठभर."

तुम्हाला आज नवल वाटेल. पण तेव्हा सगळे ट्रकवाले हेच करायचे. रेडिएटरात हळद टाकली की ती पाण्याबरोबर फिरते, फटीत जाऊन बसते, फुगते. गाव गाठेपर्यंत गळती थांबते.

आमच्या गाठोड्यात जुनी लुगडी होती, गूळ होता. हळद घाईत घरीच राहिली होती.

आसपास वस्ती नाही. एक बाभळ, आणि बाभळीखाली एक विहीर. आत थेंब नव्हता. तळाला नुसत्या भेगा.

विहिरीच्या काठावर सात दगड मांडलेले होते...

आणि त्यांच्यापुढं हळदीचा ढीग.

साती आसरा. पाण्याच्या जागी राहणाऱ्या सात बाया. आमच्याकडं त्यांना लय मानतात. पाऊस पडावा, विहिरीला पाणी यावं म्हणून आसपासच्या बायकांनी हळद वाहिली होती.

भावजी तिकडं चाललेले बघून सासूबाई किंचाळल्याच.

"लाला, हात लावू नगंस! त्यांची हळद जिला लागती ती त्यांची हुती! मागनं न्यायला येत्यात त्या!"

"आये, हितं पोरगी मराय लागलीया. त्या काय जीप ढकलणार हायत व्हय?"

"आरं पण..."

"मी बाईला कुठं लावतूया? गाडीला घालतूया."

ओंजळभर हळद आणली त्यांनी. मग माझ्याकडं बघितलं. "अंजना, तुझं पाणी गाडीला घालतो. चालंल न्हवं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

कळशीत हळद कालवली, फडक्यानं रेडिएटरचं झाकण काढलं, ओतली. अर्धासुद्धा भरला नाही. इंजिन चालू करून पुन्हा खाली वाकून बघितलं.

गळती थांबली होती.

"बघा!" भावजी हसले. मलासुद्धा हसू आलं.

जीप निघाली. गरमीचा काटा खाली यायला लागला. खाली... अजून खाली... अगदी तळाला जाऊन बसला.

भावजींनी काट्याच्या काचेवर बोटानं टकटक केलं. तापलेल्या इंजिनाचा काटा तळाला जात नसतो. ते त्यांना माहीत होतं.

मग इंजिनाकडून वारा आला. थंडगार. भरल्या विहिरीत डोकावल्यावर तोंडावर येतो तसा.

आणि आवाज...

बांगड्यांचा. पण पाण्यात हात हलवावा तसा दबलेला. पुढं, बॉनेटखाली.

सासूबाईंनी पदर कानांवर दाबून धरला. मी कळांनी ओरडत होते आणि मला खात्रीनं वाटत होतं की माझ्याबरोबर अजून कुणीतरी कण्हतंय. एक नाही. बऱ्याच जणी.

भावजींनी जीप मिरजेपर्यंत कुठंच थांबवली नाही.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मी वाचले.

पण पोर रडेना.

नर्स म्हणाली, "अहो, हिला हळद कुणी फासली?"

डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, तान्ह्या बाळांना होते. असेल. पण कावीळ काय टॉवेलला लागते का? नर्सनं पुसलं, टॉवेल पिवळा. परत पुसलं, परत पिवळा. पोरीचं अंग गार पडलं होतं आणि तिला हळदीचा वास येत होता.

भावजी दारातून बघत होते. तडक बाहेर जीपकडं गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. आईला हळूच सांगितलं, पण मी ऐकलं.

"आये, रेडिएटर काठोकाठ भरलाय. पाणी नितळ. हळदीचा कण न्हाई त्यात."

सासूबाईंनी पोरीच्या पिवळ्या अंगाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भावजी सांगलीच्या पेठेत गेले. हळदीचं पोतं घेऊन आले. माझ्या खाटेपाशी उभे राहिले.

"अंजना, पोर तुझी हाय. दुसऱ्या कुणाची न्हाई. मी जाऊन येतो."

दुपारपर्यंत पोर तशीच होती. डोळे मिटलेले, श्वास कसाबसा. मी तिला छातीशी धरून बसले होते. माझी आशा सुटली होती, खरं सांगते.

आणि ऐन दुपारी ती अशी काही रडली की सगळा वॉर्ड जागा झाला!

टॉवेलनं पुसलं. टॉवेल पांढराशुभ्र. अंग गरम. आम्ही सासवा-सुना गळ्यात पडून हसलो, रडलो. मी म्हणाले, भावजी आले की पेढे वाटूया.

भावजी आले नाहीत.

सिद्धू नावाच्या धनगरानं त्यांना बघितलं. मेंढरं घेऊन तो त्या बाजूनं चालला होता. काठावर जीप उभी. दगडांवर नवी हळद वाहिलेली. भावजी विहिरीच्या तळाला पडलेले.

विहीर कोरडीच होती. सिद्धू स्वतः आत उतरला, त्याच्या पायाला चिखलसुद्धा लागला नाही.

पण भावजींचे कपडे निथळत होते...

सरकारी डॉक्टरनं सांगितलं, पाण्यात बुडून मेले. छातीत पाणी भरलं होतं.

जाऊबाई भेटायला आल्या तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना. माझ्यापायी त्यांचं कुंकू गेलं होतं. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिचे तळवे चाचपले. "गरम हाईत गं," एवढंच म्हणाल्या आणि तिच्या अंगावर वाकून रडल्या. त्या बाईनं मला जन्मभर एक वाकडा शब्द ऐकवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भावजींना ओढून नेलं, की ते आपल्या पायांनी उतरले? मला नाही माहीत. पोरीच्या बदल्यात गेले, असं मी मनाशी धरून चालले होते. त्यानं निदान त्यांच्या जाण्याला काही अर्थ तरी राहत होता.

सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या, तेव्हा हे मी त्यांच्यापाशी बोलून गेले. त्यांनी माझा हात धरला.

"आसरा पुरुष नेत न्हाईत, अंजना. लाला आपला मधी पडला. त्यांची मागणी हाय तशीच हाय."

लेक आता पन्नाशीची झाली. साताऱ्यात असते. सून आली तिला. मी रोज भर दुपारी तिला फोन लावते. ती वैतागते. "आई, रोज काय गं विचारतीस? मी काय लहान हाय का?"

तिला काय सांगू?

ती उचलेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.