शीतलच्या हातचं

मिरजेच्या त्या गल्लीत पोट सुटलेला माणूस आता एकच उरला होता, हर्षद कुंभोजकर. वय एकसष्ट. बाकीचे सगळे म्हातारे पंचविशीतल्या मापाच्या शर्टात हिंडत. लग्नातला कोट साठीलाही बरोबर बसे आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. शाळेला निघालेली मुलं कुंभोजकरांना थांबवून त्यांच्या पोटाला बोट लावून बघत, आणि ते लावू देत.

ही सगळी करामत 'वाहती'ची. वाहती म्हणजे वर्षातून एकदा दंडात घ्यायची सुई. पूर्वीचे लोक कुरकुरत की खाणं तेच, चालणं तेच, तरी वय झालं की अंग सुटतं. ते खोटं बोलत नव्हते. चरबीच्या पेशी ही शरीराची कोठारं. तिथे नवा माल येत असतो, जुना बाहेर पडत असतो. तरुणपणी ही उलाढाल भराभर होते. वय वाढतं तसं येणारं येतच राहतं आणि जाणारं रेंगाळतं. वाहती ही उलाढाल मरेपर्यंत पंचविशीच्याच वेगाने चालू ठेवी.

कुंभोजकरांनी ती कधीच घेतली नव्हती. कारण काही थोर नव्हतं, त्यांना सुईची भीती वाटे. बायको शीतल हसून म्हणायची, "माझ्या हातचं अंगाला लागतंय ना, लागू दे." ती गेली त्याला पाच वर्षं झाली होती. मुलगी अन्वी आईसाठी धड महिनाभरही रडली नव्हती. पंधराव्या दिवशी कामावर गेली, त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या हळदीला. कुंभोजकरांनी ते मनात धरून ठेवलं होतं.

आता अन्वीचं यकृत निकामी होत चाललं होतं. वडिलांचं जुळत होतं. पण डॉक्टर निलोफर बागवान अडून बसल्या होत्या. शाळेत त्या कुंभोजकरांकडे चित्रकला शिकलेल्या, त्यामुळे अजूनही त्यांना सरच म्हणत.

"सर, तुमच्या यकृतात चरबी फार आहे. त्याचा तुकडा तिला देऊन उपयोग नाही. आधी वाहती घेऊन तीन महिने थांबावं लागेल, तीही जोराची."

"आणि ही सगळी चरबी जाते कुठे?"

"श्वासातून. लोकांना वाटतं घामावाटे जाते. पण बहुतेक सगळी हवा होऊन नाकातोंडातून जाते." त्यांनी टेबलावरचं यंत्र पुढे सरकवलं. "यात फुंका. सुईआधी एकदा बघून ठेवायचं असतं."

ते फुंकले. पडद्यावर वेगवेगळ्या सालांचे उभे पट्टे उमटले.

"हे काय?"

"सालखूण. हवेतल्या कार्बनची खूण दरवर्षी जराशी बदलते. त्या वर्षीचा ऊस, त्या वर्षीचा भात ती हवा घेऊन वाढतो. तो तुम्ही खाल्ला की खूण तुमच्यात येते. तुमच्या चरबीतलं कधीचं अन्न आज जळतंय, ते इथे दिसतं."

कुंभोजकर बराच वेळ बघत राहिले. त्यात सहा-सात वर्षांपूर्वीचा पट्टा चांगला उंच होता.

"म्हणजे हे शीतलच्या हातचं."

"घरी जेवत असाल तर, हो."

"अन्वीत किती आहे?"

"तिच्यात नसणार, सर. वाहतीवरच्या माणसात दीड-दोन वर्षांपलीकडचं काही उरत नाही."

त्यांनी विचाराला चार दिवस मागून घेतले. विचार करण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं आणि तरी दिवस मागितले याची त्यांना लाजही वाटत होती. चौथ्या दिवशी अन्वी चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. त्याच दुपारी त्यांनी दंड पुढे केला.

पोट उतरू लागलं. गल्लीतली मुलं हिरमुसली. दर आठवड्याला ते यंत्रात फुंकत आणि जुनी सालं एकेक करून बुटकी होत. शीतलच्या शेवटच्या वर्षाचा पट्टा रेघेएवढा उरला तेव्हा ते घरी आले आणि फडताळातून एक बरणी काढली. लिंबाचं गोड लोणचं, तिने शेवटचं घातलेलं. मुरून काळं झालेलं. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला, तो आजवर कोणी सोडला नव्हता. जे निघून चाललंय ते परत आत घालावं, एवढाच त्यांचा हिशोब होता. आठवडाभर पोळीबरोबर खाऊन त्यांनी बरणी संपवली.

पुढच्या खेपेला ते साल पडद्यावर ताठ उभं होतं. कुंभोजकरांना इतका आनंद झाला की ते डॉक्टरांना चहाला चला म्हणाले. डॉक्टरांनी मात्र पुढच्या खेपेची तारीख लिहून दिली.

त्याच्या पुढच्या खेपेला तिथे काहीच नव्हतं. चालू साल, थोडं गेलं साल, बस.

"काय खाल्लं होतंत, सर?"

त्यांनी सांगितलं.

"तुमच्यात आता काही साठत नाही हो," निलोफर हळूच म्हणाल्या. "बरणीतच राहिलं असतं."

शस्त्रक्रिया चांगली झाली. दोघं घरी आली. अन्वीच्या डोळ्यांत पांढरं दिसू लागलं. कुंभोजकरांना लग्नातला कोट बसू लागला. शीतलच्या श्राद्धाला ते तो घालून फोटोसमोर बसले आणि नेहमीचं काहीतरी घशाशी येईल म्हणून वाट बघत राहिले. चेहरा ओळखीचा होता. तिचं सगळं आठवत होतं, अगदी लोणच्याच्या फोडी करताना पुसलेले हातसुद्धा. पण ते दुसऱ्या कोणाच्या घरातलं असल्यासारखं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं. चरबीचा आणि दुःखाचा संबंध कुठेही सिद्ध झालेला नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला विचारू नका, सर. मी विसाव्या वर्षापासून घेते."

अन्वी स्वयंपाकघरात रिकामी बरणी घासत होती. ते दारात उभे राहिले.

"अन्वी, काल मला काहीच वाटलं नाही गं."

तिने नळ बंद केला. वडिलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसत होतं, अगदी उघड.

"मलाही नव्हतं वाटलं, बाबा. आई गेली तेव्हा. इतकी वर्षं मी समजत होते, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

तिला जवळ घ्यावं, असं त्यांना सुचलं. त्यांनी घेतलं. मग तिने बरणी पुसली आणि यात आता डाळ ठेवू का, असं विचारलं. ते म्हणाले, ठेव.