पाणकणसातली हाक

छाया गांगुर्डे तशी भित्री नव्हे. सातपूरच्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात आहे. सुटा भाग मापाच्या साच्यात, म्हणजे गेजमध्ये घालायचा, बसला तर पुढे सरकवायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा, हेच तिचं दिवसभराचं काम. त्यामुळे समोरच्या वस्तूत कुठे काय चुकलंय ते तिच्या डोळ्यांना आपसूक दिसतं. नांदूरमध्यमेश्वरला त्या सकाळी जे घडलं, ते चौघांत तिला एकटीलाच का दिसलं याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

सहल पायलच्या डोक्यातून निघाली होती. पायल आणि छाया एकाच कॉलनीत वाढलेल्या. पायलचं लग्न झालं तेही वर्गातल्याच खंडेरावशी. चौथा त्यांचा मित्र रवी, त्याची स्वतःची गाडी होती. शिफ्ट, ट्रॅफिक आणि मोबाइल यांत माणसाचं मन पार गंजून जातं, असं पायलने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून थंडीतल्या एका सुट्टीच्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी-अभयारण्यात जायचं, सूर्योदय पाहायचा आणि सगळ्यांचे मोबाइल गाडीतच ठेवायचे, असा तिने हुकूम काढला.

खंडेराव म्हणजे बडबड्या माणूस. गाडीत बसल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. छायाला तो नावाने हाक मारायचाच नाही, तिच्या नोकरीवरून ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचा. निफाडच्या पुढे धुकं इतकं दाटलं की रवीने काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी हाकली.

“इन्स्पेक्टर, खाली उतरून रस्ता पास आहे का बघून या जरा!” खंडेराव म्हणाला, आणि पायलसकट सगळे हसले.

गाडी लावून ते बांधावरून चालू लागले. खंडेरावचं ‘इन्स्पेक्टर, जपून! इन्स्पेक्टर, इकडे!’ मोठ्याने चालूच होतं. डाव्या हाताला धरणाचं पाणी असणार, पण दिसत काहीच नव्हतं. पुरुषभर उंच पाणकणीस तेवढं धुक्यातून डोकं काढून उभं होतं. गाळाचा गार, कुजका वास येत होता. आत कुठेतरी बदकं पंख फडफडवायची, पाण्यावर चुबुक असा आवाज व्हायचा आणि पुन्हा सगळं शांत. थंडी अशी की बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. दवाने सगळ्यांचे बूट आणि पँटच्या कडा भिजल्या होत्या.

खंडेराव एकाएकी थांबला.

“ऐकलं का? कुणीतरी हाक मारतंय.”

“पाणकोंबडी असेल,” रवी म्हणाला.

“नाही रे... ‘थांबा’ म्हणतंय. कुणी अडकलंय वाटतं आत.”

बाकीच्यांना पक्ष्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पाणकणसात एक अरुंद पायवाट उतरत होती. “आलोच,” म्हणून खंडेराव तिच्यातून आत शिरला. त्याच्या अंगाने पाती सळसळली, दोन-चार वेळा त्याचा आवाज आला, “कोण आहे? कुठे आहात?” आणि मग आवाज थांबला. त्याच्यापाठोपाठ पक्षीही गप्प झाले.

पायलने हाका मारल्या. रवीने शिटी वाजवली. छाया पायवाटेच्या तोंडाशी नजर लावून उभी राहिली, आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागून कुणीतरी चालत आलं.

तो खंडेराव होता. पुढच्या बाजूने पाणकणसात उतरलेला माणूस मागून, बांधावरून, गाडीच्या दिशेने आला होता.

“काय हे, जीव गेला ना माझा!” पायल त्याच्या दंडावर चापट मारत म्हणाली. “होतं का कुणी?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग हसला. “कुणी नव्हतं.”

हसू त्याचंच होतं, फक्त जरा उशिरा आलं. ऊन नसताना डोळे बारीक करायची सवय, भुवईवरची खूण, स्वेटर, सगळं जिथल्या तिथे होतं. पण छायाची नजर त्याच्या बुटांवर गेली. गाळात उतरून आलेले बूट खडखडीत कोरडे होते. आणि तो बोलला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघाली नाही.

छायाने स्वतःला समजावलं. दुसरी वाट असेल, तिकडे दगड टाकलेले असतील. पण तिचे डोळे काही ऐकेनात.

रस्त्याच्या कडेला लताबाई नावाच्या बाईंची चहाची टपरी होती. शेगडीभोवती सगळे कोंडाळं करून बसले. बाईंनी ग्लास भरले, खंडेरावकडे पाहिलं आणि त्यांचा हात थबकला.

“ह्यांना नको का चहा?” त्यांनी पायलला विचारलं.

“ह्यांना नको,” खंडेराव म्हणाला.

पायल खदखदून हसली. रवीही हसला. बाईंनी मात्र किटली खाली ठेवली आणि उगाचच पदर सारखा करत शेगडीच्या पलीकडे जाऊन बसल्या.

आता छाया त्याचा शब्दन् शब्द तोलू लागली. पायल म्हणाली, “गारठलास का?” तर तो म्हणाला, “गारठलो.” रवी म्हणाला, “आता पक्षी बघायच्या टॉवरवर जाऊ,” तर तो म्हणाला, “टॉवरवर जाऊ.” स्वतःचं असं एकही वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

“खंडू,” छायाने सहज विचारल्यासारखं विचारलं, “दहावीच्या गॅदरिंगला स्टेजवरून कोण पडलं होतं रे?”

“कोण पडलं होतं?” तो हसत म्हणाला.

“अरे तूच नाही का!” पायल मधेच बोलली. “राजाचं काम होतं, मुकुट डोळ्यांवर आला आणि थेट हेडसरांच्या मांडीत!”

“मीच पडलो होतो,” खंडेराव छायाकडे वळून सावकाश म्हणाला. “मुकुट डोळ्यांवर आला. थेट हेडसरांच्या मांडीत.”

छायाने पुढचा प्रश्न ओठांतच गिळला. आपण त्याची परीक्षा घेत नाही आहोत, त्याला शिकवतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं.

टॉवर तसाच राहिला. छायाने डोकं दुखत असल्याचं सांगितलं आणि मंडळी परत निघाली. तिला फक्त माणसांत, उजेडात, नाशिकच्या गर्दीत जायचं होतं. ती पुढे रवीच्या शेजारी बसली. आरशात मागच्या सीटवरचा खंडेराव दिसत होता. तो बाहेर बघत नव्हता, आरशातून तिच्याकडेच बघत होता.

गाडी बांधाच्या वळणावर आली आणि पाणकणसातून हाक आली.

“इन्स्पेक्टर...”

दमलेला, घोगरा आवाज.

“इन्स्पेक्टर... थांबा ना...”

“गाडी थांबव!”

“काय झालं?” रवीने करकचून ब्रेक दाबला. “अगं, काय झालं?”

“ऐकू नाही येत तुम्हाला? खंडू हाक मारतोय!”

“खंडू इथे बसलाय माझ्याशेजारी,” पायल म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती.

छाया दार उघडून धावत सुटली. सकाळच्याच पायवाटेवरून खाली उतरली, गाळात पाय घोट्यापर्यंत रुतला, मग गुडघ्यापर्यंत. गार पाणी हाडांपर्यंत झोंबलं. हाक पुन्हा आली, पण आता जरा पुढून. ती पुढे गेली, तशी हाक आणखी पुढे सरकली. आणि तिथे, कमरेएवढ्या पाण्यात, तिच्या मनाला एक भलताच विचार चाटून गेला. सकाळी खंडेरावही असाच हाकेमागून आत गेला होता. बांधावरून चालताना त्याची ‘इन्स्पेक्टर’ अशी हाक धुक्यात किती वेळा घुमली होती. ऐकणाऱ्याने ती तेव्हाच ऐकून ठेवली असेल, तर?

म्हणजे गाडीतला खोटा की हा आतला?

“खंडू...” ती हळूच म्हणाली. “तूच आहेस ना?”

कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं तशी शांतता पडली. मग अगदी जवळून, पात्यांच्या पलीकडून, रडका आवाज आला, “पायलला त्याच्याबरोबर जाऊ देऊ नकोस...”

तिने पाती बाजूला सारली. त्याच क्षणी रवीचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि त्याने तिला मागे खेचलं. पाण्यावरून पक्ष्यांचा प्रचंड थवा एकदम उठला, आभाळ पंखांनी भरून गेलं आणि धुकं फाटलं. समोर नुसतं पाणी होतं, स्वच्छ, उन्हात चमकणारं. कुणीच नव्हतं.

वळून पाहिलं तर बांधावर खंडेराव उभा होता. पायल छायाला हाका मारत होती, रवी तिला शिव्या घालत होता. खंडेराव मात्र त्यांच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. आवाज जिथून आला होता, बरोबर त्या जागेवर त्याची नजर होती.

छायाला नंतर ताप आला. डॉक्टरांनी थंडी बाधली म्हणून सांगितलं. रवीने विषय काढणं सोडून दिलं. कामावर, घरात, शेजारीपाजारी खंडेरावबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं. आता तो कमी बोलायचा, पायलला कामात मदत करायचा, पूर्वीसारखा तिच्यावर आवाज चढवायचा नाही. एकदा छायाने धीर करून पायलजवळ तोंड उघडलं, तर पायलने तिचा हात घट्ट धरला.

“छाया, मला काही सांगू नकोस,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच सुखात आहे गं मी.”

ती काय जाणून होती आणि काय नव्हती, ते छायाने विचारलं नाही.

पावसाळ्यात एका दुपारी छाया पायलकडे गेली. दार खंडेरावने उघडलं. पायल भाजी आणायला गेली होती. गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडल्याची बातमी सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी होती. त्याने छायाला खुर्ची दिली, चहा आणून ठेवला आणि खिडकीशी जाऊन पाऊस बघत उभा राहिला. आता त्याच्याकडे स्वतःची वाक्यं होती.

“तिकडे नांदूरमध्यमेश्वरला पाणी खूप वाढलंय,” तो शांतपणे म्हणाला. “पाणकणीस सगळं बुडालं. तो हाका मारायचा अजून... ‘पायलला त्याच्याबरोबर जाऊ देऊ नकोस’ म्हणायचा. कालपासून बंद झाला.”

छायाने बशी खाली ठेवली. पाण्यातले ते शब्द तिने कुणालाच सांगितले नव्हते.

खालून, जिन्यातून, पायलची हाक आली, “खंडू! अरे खंडू, पिशवी धर जरा!”

तो दाराकडे गेला नाही. खिडकीकडे पाठ फिरवून छायाकडे बघत राहिला, जणू काही तिच्या बोलण्याची वाट पाहत होता. पायल पुन्हा ओरडली.

“तुला... तुला बोलावतेय,” छाया कशीबशी म्हणाली.

“हो,” तो म्हणाला, आणि समाधानाने हसला. “आता मलाच.”