डॉक्टर मागे वळतो तो प्रवेश

बाईंनी कॉलेजात जन्मभर जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवल्या होत्या. त्या कादंबऱ्यांचे नायक त्यांना घरच्या माणसांपेक्षा जवळचे वाटत. धड देव नाहीत, धड राक्षस नाहीत अशी ती माणसं. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर जीव जडावा, शेवटाकडे त्याचंच तोंड बघू नये असं वाटायचं. "माणूस बदलत नसतो," बाई वर्गात घसा फोडून सांगत, "आत असतं तेच वर येतं." मुलं माना डोलवत, आणि पेपरात 'नायक स्वभावाने चांगला होता' असं लिहून मोकळी होत.

या वैतागातूनच त्यांनी अशा एका कादंबरीचं नाटक करायला घेतलं. वाचनालयाच्या माडीवर एक हॉल होता, पत्र्याच्या खुर्च्या होत्या आणि कुरकुरणारा एक पंखा होता. हौशी मंडळी जमली. नायकाच्या भूमिकेसाठी बाईंनी आपल्या नवऱ्यालाच उभं केलं, कारण पाठांतर त्याचं चोख होतं आणि नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. सगळे त्याला कापूसभाऊ म्हणत, इतका तो मऊ.

नाटकातला डॉक्टर गावाचा लाडका. साथीचे दिवस असतात. एका बर्फाच्या संध्याकाळी त्याचा सख्खा भाऊ साथ अंगावर घेऊन दारात येतो आणि दार ठोठावतो. डॉक्टर प्रेक्षकांकडे पाठ करून स्टुलावर बसलेला असतो, तोंड ओंजळीत धरून. तो ऐकतो, हात खाली घेतो, मागे वळतो आणि मोलकरणीला एवढंच म्हणतो, "थंडी वाढली. दिवे मालव." बस्स. त्या वळण्यात सगळं नाटक होतं.

आणि तेच कापूसभाऊंना जमेना. ते वळत, आणि दात दुखत असल्यासारखे दिसत.

"अरे, भाऊ मरतोय बाहेर! आणि तू त्याला मरू देतोयस!" बाई ओरडल्या.

"तेच तर. मला वाईट वाटतं ना."

"वाईट वाटून चालणार नाही. आत असेल ते बाहेर काढ."

"आणि आत नसेलच तर?"

मंडळी हसली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी नवऱ्याला उठवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. "नीट बघ."

त्यांनी तोंड ओंजळीत धरलं. मनात काही मुद्दाम आणलं नव्हतं. हात खाली घेतले आणि वळल्या.

हसू मध्येच तुटलं. लाइटवाला बोर्डापाशी उभा होता; त्याच्या हातातला टेस्टर खाली पडला आणि घरंगळत कुठेतरी गेला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

"काय झालं? जमलं की नाही?"

"जमलं, बाई," लाइटवाला जमिनीकडे बघत म्हणाला.

त्यानंतर दर तालमीला हेच होऊ लागलं. कापूसभाऊ चुकत, बाई चिडत आणि करून दाखवत. करून दाखवलं की हॉलमधल्या सगळ्यांच्या नजरा खाली जात. खरं सांगायचं तर बाईंना ते आवडू लागलं होतं. वर्गात इतकी वर्षं कुणी त्यांच्यापुढे असं गप्प बसलं नव्हतं.

सासूबाई नाटकाचे कपडे शिवत. कोपऱ्यात मशीन लावून बसत. एका तालमीनंतर त्यांनी बाईंना बाजूला घेतलं.

"सूनबाई, आता त्याला दाखवू नकोस."

"का बरं?"

"तुला परत यायला वेळ लागतो."

"कुठून परत यायला?"

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला. "पहिल्यांदा लगेच आलीस. आज मी अख्खी बाही शिवली तोवर तू तशीच होतीस."

बाईंनी कपाळावर हात मारला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी काय हुज्जत घालायची!

पण त्याच आठवड्यात मोबाइल त्यांचा चेहरा ओळखेनासा झाला. बाईंनी तो सोफ्यावर आपटला. बारावीतली लेक अभ्यासातून उठून आली. "आई, तू आकडे टाकून उघड ना. लगेच काय आपटतेस?" बाईंनी आकडे टाकले. मग चष्मा नाकावरून घसरायला लागला. वर केला की खाली, वर केला की खाली. शेवटी तणतणत त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या.

"काड्या सैल झाल्यात. घट्ट करून दे."

कापूसभाऊंनी काड्या बघितल्या. घट्टच होत्या. मग त्यांनी छोटी पट्टी बाईंच्या डोळ्यांपुढे धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. मग पट्टी बदलली.

"काय रे?"

"हे अंतर मोठ्या माणसाचं बदलत नाही गं," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी पट्टी खणात टाकली. "नाटक होऊन जाऊ दे. मग नवीन चष्मा करू."

"चष्म्याचं सोड. तुझं वळणं कधी जमणार आहे?"

कापूसभाऊ बराच वेळ काच पुसत राहिले. "जमेल," ते म्हणाले. "आता मला दिसायला लागलंय ते."

प्रयोग रविवारी दुपारी होता. पडदा उघडायच्या आधी ते बाईंना म्हणाले, "एकदा शेवटचं दाखव."

विंगेतल्या अर्धवट उजेडात बाई एका खोक्यावर बसल्या. तोंड ओंजळीत धरलं आणि वळल्या. कापूसभाऊंनी या वेळी नजर खाली घातली नाही. धडा पाठ करताना बघावं तसं त्यांनी एकेक रेष बघून घेतली. तेवढ्यात घंटा झाली आणि धांदल उडाली. त्या गडबडीत बाईंकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

तो प्रवेश आला. दार ठोठावल्याचा आवाज झाला. "दादा, दार उघड," अशी हाक आली. कापूसभाऊंनी हात खाली घेतले.

ते वळले.

पहिल्या रांगेतली एक बाई ओरडली.

विंगेत बाई आनंदाने पुढे सरकल्या आणि जागच्या जागी थांबल्या. वळलेल्या त्या चेहऱ्याची डावी भुवई किंचित वर होती. ओठांच्या कोपऱ्यात समाधानासारखं काहीतरी होतं. तो डॉक्टर नव्हता. कापूसभाऊ तर नव्हतेच.

तो चेहरा एका बाईचा होता.

शेवटच्या अंकात डॉक्टर पश्चात्तापाने घंगाळात तोंड धुतो आणि दार उघडतो. कापूसभाऊंनी तोंड धुतलं आणि वर केलं, तेव्हा तो त्यांचा नेहमीचा मऊ, दमलेला चेहरा होता. टाळ्या थांबेनात.

हा भाग बाईंनी त्यांना कधीच शिकवला नव्हता. तो त्यांना आपोआप यायचा.

रंगपटात बाईंनी त्यांना गाठलं. "तू परत कसा आलास?"

कापूसभाऊ आरशात बघून रंग पुसत होते. "मी गेलोच कुठे होतो? मी तर नक्कल केली."

"माझ्याकडे बघून बोल."

ते रंग पुसत राहिले. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिले. मागे सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले, पण वर बघितलं नाही.

बाईंनी तिथेच नळाखाली तोंड धुतलं. खसाखसा धुतलं. मग पर्स घेऊन एकट्याच निघाल्या. बाहेर अजून उजेड होता. दुकानं उघडी होती. रस्त्यात नेहमीचा इस्त्रीवाला भेटला. त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. बाईंना संताप आला. मेली दोन महिन्यांची मेहनत, आणि कुणी 'छान झालं' म्हणायलाही तयार नाही!

जिना चढून त्यांनी बेल दाबली. लेकीची उद्या परीक्षा होती, म्हणून ती नाटकाला आली नव्हती. तिने दार उघडलं. हातात पेन होतं, केस वर बांधलेले.

"हुश्श," बाई म्हणाल्या. "पाणी दे गं आधी."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग नवख्या माणसाशी हसावं तशी बेताने हसली.

"आई नाटकाला गेलीये," ती म्हणाली. "येईलच आता. तुम्ही बसा ना."

तिने पाणी आणलं. पेला बाईंच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. आणि दार सताड उघडं ठेवून ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली, जिन्याकडे कान लावून.