दुधातलं चूर्ण

"बाई, दुसऱ्या मजल्यावरून एकीने उडी मारलीय. जिवंत आहे." हवालदाराचा फोन आला तेव्हा फौजदारबाईंनी चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता.

खालच्या दुकानाच्या कापडी छपराने ती वाचली. पाय मात्र मोडला. चहाच्या कंपनीत चहा चाखून त्याची प्रत ठरवणं हे तिचं काम. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं.

"मी उडी मारली नाही," दवाखान्याच्या खाटेवरून ती प्रत्येकाला सांगत होती. पण ऐकतो कोण? डॉक्टर तिला उद्या मनोरुग्णालयात हलवणार होते. तिथून परतलेल्या बाईला कंपनी पुन्हा दारात उभी करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग पडलात कशा?" फौजदारबाईंनी विचारलं.

"धुणं वाळत घालत होते. चादर घ्यायला वाकले, उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा बुटका आहे हो."

"अशी अंधारी आधी यायची?"

"महिनाभर येतेय. नाकही चोंदलंय. सर्दी नाही, पडसं नाही. नाकच गेलं तर आमच्या धंद्यात उरलं काय? त्यात मन पुन्हा खचलं."

"पुन्हा?"

"मध्ये सावरले होते. वैद्यबुवांची अश्वगंधा घेत होते, दुधातून. झोप लागायची, कामावर गाणं गुणगुणायचे. मग काय बिघडलं, देव जाणे."

फौजदारबाईंना एक गोष्ट खटकत होती. ओली, पिळलेली चादर तिच्याबरोबरच रस्त्यावर पडली होती. जीव द्यायला निघालेली बाई सोबत धुणं कशाला नेईल?

घरी नणंद होती. लग्न न केलेली, भावाच्याच घरात आयुष्य काढलेली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"वहिनीचं मनच उडालं होतं," ती म्हणाली. "मी काय करायचं बाकी ठेवलं? रोजचं दूध माझ्याच हातचं. त्या चूर्णाचा वास इतका उग्र, की नाक दाबून कालवते. कालसुद्धा तसंच."

"वैद्य कुणी सुचवले?"

"मीच. पूर्वी मला रक्तदाबावर औषध द्यायचे. मला नाही मानवलं."

फौजदारबाईंनी चूर्णाची बरणी उघडली. हुंगली. पुन्हा हुंगली. मग ती पिशवीत टाकली.

"वैद्यानेच घोळ घातलाय, बाई," जिना उतरताना हवालदार म्हणाला. "उचलून आणू?"

"आधी त्याच्याकडे जाऊ तर खरं."

तासाभराने दोघं परतली. फौजदारबाईंनी टेबलावर दोन पुड्या उलगडल्या.

"ताई, ही वैद्यांकडची अश्वगंधा. हुंगा. येतो ना वास? आता ही तुमच्या बरणीतली."

नणंद वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"वासच नाही हिला," फौजदारबाई म्हणाल्या. "मग काल नाक कशासाठी दाबलंत? पूर्वीच्या सवयीने बोलून गेलात. ही सर्पगंधा आहे, असं वैद्य म्हणतात. रक्तदाब उतरवते. उठताना चक्कर, बंद नाक, वर उदासी. तुम्हालाही हाच त्रास झाला, म्हणून त्यांनी ती बंद केली. उरलेली फेकली असं त्यांना म्हणालात, पण जपून ठेवलीत. आधी चिमूट चिमूट मिसळली असणार; नाक चोंदल्यावर चवीतला फरक वहिनींना कळलाच नाही. ती माणसाचं काय करते, हे या घरात तुम्हीच भोगलं होतं. वैद्य चुकले असते तर त्याच डब्यातली अश्वगंधा घेणारे त्यांचे बाकीचे रोगीही आजारी पडले असते. ते सगळे धडधाकट आहेत."

नणंदेने पुडी हळूच मिटली.

"ती गाणं म्हणायला लागली होती," ती म्हणाली. "माझा भाऊ जाऊन वर्षही झालं नव्हतं. या घरात रडायला मी एकटीच उरले. तिने मरावं असं नव्हतं वाटत मला. नुसतं हसू नये."

फौजदारबाईंना तिची दया आली आणि संतापही आला. त्यांनी हवालदाराला खूण केली.

दवाखान्यात त्यांनी आधी डॉक्टरांना गाठून मनोरुग्णालयात हलवणं रद्द करवलं, मग खाटेपाशी बसून सगळं सांगितलं. नणंदेचं नाव निघताच चहा चाखणारी ती बाई भिंतीकडे पाहत राहिली. मग तिने फौजदारबाईंचा हात घट्ट धरला.

"म्हणजे मी उडी मारली नव्हती ना?"

"तुम्हीच तर सकाळपासून सांगताय!"

"सांगत होते हो," तिला हुंदका फुटला. "पण दुपारनंतर माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता."