मल्लीची पायरी

आश्रय देणे सोपे असते. आश्रिताचा स्वभाव पत्करणे कठीण. ज्या जीवाला आपण दारातून आत घेतो त्याची भूक भागवतो, अंग पुसतो, त्याला नावही ठेवतो. पण त्याच्या नखांचे काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही. आणि घरालाही आपला मान असतोच. वाडवडिलांनी जपलेल्या वस्तू डोळ्यांदेखत ओरबाडल्या जाव्यात आणि आपण स्वस्थ बसावे, हाही काही धर्म नव्हे. दोन रास्त गोष्टी अशा समोरासमोर उभ्या ठाकल्या की माणूस गांगरतो. आणि गांगरलेला माणूस, कितीही सुशील असला तरी, थोडेसे खोटे बोलून जातो.

संयुक्ताचे तसेच झाले.

तंजावरकडच्या मराठी घराण्यातली ही मुलगी चेन्नईत शोळिंगनल्लूरला संगणकाच्या कंपनीत नोकरी करीत असे आणि मैलापुरात आपल्या आत्याजवळ, घरच्या बोलीत अत्याजवळ, राहत असे. अत्या म्हणजे अन्नपूर्णाबाई, निवृत्त शिक्षिका. आवाज मऊ, शब्द पक्का. घरातले तिसरे माणूस म्हणजे मल्ली. वादळाच्या पुरात ओट्यावर वाहत आलेले मांजराचे हे पांढरेशुभ्र पिल्लू मोगऱ्याच्या कळीएवढे दिसत होते, म्हणून मल्ली, तमिळमधला मोगरा. आता ती कळी चांगली थोराड झाली होती.

त्या दिवशी संयुक्ता कचेरीतून परतली तेव्हा अत्या शिसवी झोपाळ्यासमोर उभी होती. झोपाळ्याच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत ओरखडे... आणि त्याच्यावर वाळत घातलेल्या कांचीच्या रेशमी साडीचा जरीकाठ मल्लीच्या पंजात!

"नवरात्र बसेतोवर हिच्या नखांस वळण लाव," अत्या म्हणाली. ओरडली नाही. "नाही तर तांबरमच्या कमलिनीकडे धाडत्ये हिला. तिच्याकडे गोठा आहे, उंदीर आहेत. सुखात राहील."

"अत्या, ती गोठ्यात कशी राहील? तिला रात्री पायाशी कुणी लागतं..."

"मजही या घराचं घरपण लागतं. आणि कोलूच्या पायऱ्या करायला सांगितल्यास का? जुन्या अस्की, सगळ्याच्या सगळ्या, वाळवीनं खाल्ल्या. एकही धड नाही."

चेन्नईच्या घरोघरी नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून, त्यांवर पांढरे वस्त्र अंथरून बाहुल्या बसवतात, तो कोलू; मांडायचा आदल्या अमावास्येला. श्रावणापासून अत्या नव्या पायऱ्यांचे सांगत होती आणि संयुक्ता विसरत होती. या क्षणी आणखी एक अपराध पदरी घेण्याचे धैर्य तिच्यात उरले नव्हते.

"सांगितल्यात," ती म्हणाली.

ते थोडेसे खोटे, ते हेच.

*

अड्यारच्या एका आडगल्लीत मांजरांसाठी लाकडी सामान करणारी कार्यशाळा आहे, असे तिला कुणीतरी सांगितले होते. शनिवारी ती गेली. दार सताड उघडे, आत कुणी नाही. ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास, जमिनीवर भुसा, आणि मधोमध जाड दोर गुंडाळलेला एक खांब. तिने इकडेतिकडे पाहिले... आणि मल्लीसारखी दोन्ही हातांची नखे त्यावर खसाखसा घासून पाहिली.

"हं. बरं लागतंय की," ती स्वतःशीच पुटपुटली.

"मग घरी न्या. अधूनमधून तुम्हीही घासत जा."

संयुक्ता किंचाळली. आवाज शेजारच्या लाकडी पिंपातून आला होता! त्या पिंपाच्या गोल तोंडातून आधी भुशाने माखलेले डोके, मग खांदे, मग एक अख्खा तरुण सरपटत बाहेर आला.

"तुम्ही... तुम्ही आत काय करत होता?"

"मांजराला आत कसं वाटेल ते पाहत होतो."

"कसं वाटेल?"

"गुदमरल्यासारखं. तोंड मोठं करावं लागणार." तो उभा राहिला, केस झटकले. "मी विजयेंद्र. मिरजेचा. इथे मराठी ऐकून मीच दचकलो, म्हणून बोललो. पण तुमचं मराठी जरा..."

"जरा काय?"

"जरा माझ्या पणजीसारखं आहे."

"तंजावरचं आहे. आम्हाला इकडे येऊन तीनशे वर्षं झाली. तुम्हाला?"

"चार."

"मग पाहुणे तुम्ही."

"मग कॉफीचं तुम्ही विचारायला हवं."

तिला हसू आले, आणि हसू आले म्हणून राग आला. दुखणे सांगावे तसे मग तिने मल्लीचे सगळे सांगितले. बाजारातून एक गुलाबी खांब आणला होता. पुठ्ठ्यासारखे दाबीव लाकूड, वर प्लास्टिकचे लुसलुशीत कापड. मल्लीने अंग टाकले तसा तो कोलमडला, आणि बिचारी पलंगाखाली जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर येईना.

"चूक तिची नाही," विजयेंद्र म्हणाला. आता त्याच्या बोलण्यातली थट्टा मावळली होती. "मांजर वैर म्हणून ओरबाडत नाही. झोपेतून उठलं की त्याला सगळं अंग ताणायचं असतं, आणि इथे मी राहतो अशी खूण ठेवायची असते. खांब उंच हवा, बूड जड हवं. एकदा जरी हलला ना, तर त्याच्यावरचा विश्वास उडतो. मग परत मिळवता येत नाही."

"हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता?"

"खांबाचं सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला, आणि पाहत राहिला. "पण सगळी गिऱ्हाइकं नखं घासून पाहत नाहीत."

तिने घाईघाईने नजर लाकडाकडे वळवली. पाडलेल्या घरांच्या चौकटींचे जुने सागवान होते ते. दोर घायपाताचा, चिकटवायला चिंचोक्यांची खळ. मांजराने चाटले तरी बाधू नये असे. दोर झिजला की तेवढाच सोडून नवा गुंडाळायचा.

"लाकूड तसंच राहतं. नातवंडांपर्यंत टिकेल."

"नातवंडं?"

"मांजराची," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

मल्लीची लांबी त्याला हवी होती, पण घरी येऊन मोजा म्हटल्यावर तो चाचरला. तुम्हीच मोजा, म्हणाला. पुढच्या शनिवारी संयुक्ताने आपली ओढणीच पुढे केली. भिंतीला टेकून मल्ली पुरती ताणली असता जिथवर पोहोचली तिथे गाठ मारलेली. विजयेंद्रने ओढणी दोन्ही हातांनी घेतली आणि माप उतरवून झाल्यावरही ती परत करण्याचे त्याला सुचले नाही. तिलाही मागण्याचे सुचले नाही.

मग शनिवार येत राहिले. कोलूच्या पायऱ्यांची आठवण मात्र तिला एकाही शनिवारी झाली नाही. कधी ती दोराचे एक टोक धरून उभी राही आणि तो खांबाभोवती फेर घालीत ते गुंडाळी. समुद्राकडचा वारा दारातून आत येई. दोर दोघांमध्ये ताठ.

"सैल सोडू नका," तो म्हणे.

"तुम्हीच ओढताय."

"मी? मी तर जागेवरच आहे... तुम्हीच जवळ आलात."

*

महालयाची अमावास्या. दुपारी शोळिंगनल्लूरच्या कचेरीत संयुक्ताचा फोन वाजला.

"आल्या गं पायऱ्या!" अत्याचा आवाज आनंदाने भरून आला होता. "काय सुबक काम! झोपाळ्याशेजारी ठेवून गेली माणसं. आणि पांढऱ्या कोऱ्या धोतरात गुंडाळून पाठवल्यायत. मज सोडवेचना ते वस्त्र, तसंच ठेवलं. कलश ठेवला, बाहुल्याही बसवल्या अस्की. उगीच तुजवर रागावले गं!"

संयुक्ता ताडकन उठून उभी राहिली. झोपाळ्याशेजारी जे यायचे होते ते मल्लीचे! उडी मारताना धाप लागते म्हणून विजयेंद्रने तिच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची रचना केली होती. खाली दोराचे खांब, वर पाच फळ्या... आणि एकदा कलश बसला की विजयादशमीपर्यंत कोलू जागचा हलवत नाहीत.

तिने त्याला फोन लावला. "तुम्ही धोतर का गुंडाळलंत?"

"प्लास्टिक मी वापरत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, नंतर फडकी तरी होतील. का, फाटलं का?"

"अहो, अमावास्येच्या दिवशी, पायऱ्या, पांढऱ्या वस्त्रात! चेन्नईत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो!"

"आमच्याकडे नवरात्रात घट बसतात हो..."

"इथे बाहुल्या बसतात. बसल्यासुद्धा! तुमच्या मांजराच्या खांबांवर!"

पलीकडून रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी निघालो."

दारातल्या रांगोळीपाशी दोघे भेटले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नऊ दिवस गप्प राहू," ती कुजबुजली. "कुणाला कळणार आहे?"

"मल्लीला कळेल."

"थट्टा नको, विजयेंद्र!" त्याचे नुसते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच गेले.

"थट्टा नाही," तो हळूच म्हणाला. "घर तुमचं. तुम्ही गप्प राहिलात तर मी आपणहून तोंड उघडणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर मला खोटं सांगता यायचं नाही."

आत समया तेवत होत्या. सर्वांत वर कलश, त्याच्या खाली देव, मग ऋषी, मग वरातीतली माणसे, त्यांच्या खाली मातीचे हत्ती, गाई, मोर. अत्या नव्या साडीत उभी होती. इतकी प्रसन्न ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

"हेच का पायऱ्या करणारे? ये रे तंबी, ये बाळ, बैस..."

इतक्यात स्वयंपाकघरातून मल्ली आली. थांबली. नाक वर करून तिने हवा हुंगली, शेपटीची कमान केली आणि सरळ त्या शुभ्र धोतराच्या आड शिरली.

खर्र... खर्र... खर्रर्र!

आता कलश लवंडणार, पिढ्यांपिढ्यांच्या बाहुल्या जमिनीवर चुरा होऊन पडणार... संयुक्ताने डोळे गच्च मिटले.

काहीच पडले नाही. तिने डोळे उघडले. आतून मल्ली सर्व बळ लावून अंग ताणीत होती, आणि वर एका बाहुलीची मानही हलली नव्हती. कलशावरचे आंब्याचे पानसुद्धा निश्चल होते.

"हा कसला आवाज गं?" अत्याने विचारले.

उंदीर, हा शब्द संयुक्ताच्या जिभेच्या टोकावर आला. तिने विजयेंद्रकडे पाहिले. तो तिच्याकडेच पाहत होता. नजरेत आर्जव नव्हते, दोषही नव्हता. तिला एकाएकी वाटले, मल्ली दूर गेली तर रडू येईल, पण आता खोटे बोलले तर या माणसाकडे मान वर करून पाहता येणार नाही.

"अत्या, मी पायऱ्या सांगितल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "खोटं बोलले. हे... हे मल्लीचं आहे. नखं घासायचं."

अत्या मटकन झोपाळ्यावर बसली. तिचा हात तोंडाशी गेला. "मांजराचं? मी देवास... मांजराच्या..."

समईची वात तेवढी तडतडली. विजयेंद्र हात जोडून पुढे झाला.

मल्ली धोतराआडून बाहेर आली. ती सावकाश तळच्या पायरीवर चढली, तिने मातीचा हत्ती आणि मातीची गाय यांच्यामध्ये रिकामी जागा पाहिली, पंजे पोटाशी घेतले आणि डोळे मिटून बसली.

अत्या तिच्याकडे पाहत राहिली. शिकवताना फळ्याकडे पाहत असेल तशी.

"संयुक्ता, तळच्या पायरीवर कोण बसतं?"

"प्राणी."

"त्यावर?"

"माणसं. मग ऋषी. मग देव."

"मग चुकली कोण? तीस तिची पायरी ठाऊक आहे. तुजच तुझी ठाऊक नव्हती." अत्या उठली, फळीला हात लावून तिने जोराने हलवून पाहिले. फळी ढिम्म. "हं. देवास खांदा कुणाचा, हे देव विचारीत नाही. राहू दे इथेच. पण प्रसादाचं सुंडल करताना हरभरे तूच भिजवायचे, नऊही दिवस. आणि तंबी, तुझं गोत्र काय रे?"

"अत्या!" संयुक्ता दचकलीच.

"विचारू नये की काय? बसा दोघे. कॉफी आणत्ये." आणि ती आत गेली.

विजयेंद्रने काही बोलायला तोंड उघडले आणि... शिंकला. पुन्हा शिंकला. मल्लीने त्रासून एक डोळा उघडला. त्याचे डोळे पाण्याने भरले, नाक लाल झाले, शिंका थांबेनात.

"काय होतंय तुम्हाला?"

"मांजर," तो रुमालातून म्हणाला. "मला सोसत नाही. लहानपणापासून."

"तुम्हाला? मांजरांची घरं करता आणि..."

"आवडतात फार. जवळ घेता येत नाहीत. म्हटलं, निदान त्यांची घरं तरी बांधावीत."

"म्हणून मापाला आला नाहीत! पण माझ्या कपड्यांवर तर नेहमी मल्लीचे केस असत..."

"असत ना. दर शनिवारी. तुम्ही गेलात की रात्रीपर्यंत शिंकत बसायचो."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्याने रुमाल खाली घेतला. "सांगितलं असतं, तर तुम्ही... यायच्या थांबला असतात."

आतून कॉफीचा वास आला. हसावे की रडावे, ते संयुक्ताला उमगेना.

"वैद्याला दाखवू," अखेर ती म्हणाली. "उद्याच. मी येते बरोबर. आणि हे पाहा... औषध लागू पडलं नाही, तरी येतच राहीन."

तो हसला, आणि पुन्हा शिंकला.

ज्यांनी आश्रय दिला त्यांना आश्रय लाभो. भीतीच्या क्षणीही ज्यांच्या ओठांवर सत्य आले त्यांचा संसार स्थिर राहो. ज्याला निसर्गाने नखे दिली त्या मुक्या जिवाचेही कल्याण असो. शांती असो, सर्वांना शांती असो.